वेणूआत्याचं उत्तर

डोंगराच्या पलीकडे नाही, अलीकडेही नाही, अगदी डोंगराच्या मांडीवर एक इवलीशी वाडी होती. मोगरवाडी तिचं नाव. वाडीत घरं थोडी आणि फुलं फार. कुंपणावर जाई, विहिरीवर जुई, वाटेच्या दोन्ही अंगांना गुलबक्षी, आणि बांधाबांधांवर केशरी-पिवळा झेंडू असा दाटीनं फुललेला, की वाटावं, सूर्यच जाता जाता आपली पिसं इथे झाडून गेला.

याच वाडीच्या शेवटच्या झोपडीत भिंगरी राहायची. तिचं खरं नाव तुळसा. पण पोरीच्या पायाला सदा भिंगरी, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. तिचे आई-बाप ती पाळण्यात होती तेव्हाच देवाघरी गेले. तिला न्हाऊमाखू घातलं, घास भरवले, चालायला शिकवलं ते तिच्या वेणूआत्यानं.

वेणूआत्या फुलांचं काम करायची. केळीच्या सोपाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, मांडीवर फुलांची परडी घ्यायची, आणि मग तिची बोटं चिमण्यांसारखी टिपटिप टिपत सुटायची. पांढरी जुई, मग केशरी अबोली, मग मरव्याची हिरवी काडी. बघता बघता हातभर गजरा. आठवड्याच्या बाजारात बायका लांबून ओळखायच्या, ही वेणूची वेणी. त्यावर दोघींची चूल पेटायची.

मग एका थंडीत आत्याच्या बोटांत दुखणं शिरलं. आधी एका बोटात, मग सगळ्या. सांधे सुजून टपोऱ्या बोरांसारखे झाले. मग मनगटं, मग गुडघे. सकाळी मूठ मिटेना. भाकरी थापायला बसली की डोळ्यांत पाणी उभं राहायचं, आणि आत्या म्हणायची, धूर गेला गं डोळ्यात.

बाजारगावचे वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, बोटं हळूच दाबून पाहिली, आणि म्हणाले, "वेणूबाई, मी खोटं सांगणार नाही. हे दुखणं जाणारं नाही."

वैद्यबुवा पुढे आणखीही काही सांगत होते. पण भिंगरीनं तेवढंच ऐकलं आणि ती दारातून बाहेर पळाली.

तेव्हापासून तिचे पाय थांबेनात. बसली तर पायांत मुंग्या, झोपली तर डोळा लागेना. ती हिच्याकडे पळे, तिच्याकडे पळे, विचारे, "सुजलेल्या बोटांवर काय लावतात?" कुणी एरंडाचं पान सांगितलं, कुणी निर्गुडीचा शेक, कुणी सात विहिरींचं पाणी. भिंगरी सगळं आणे. शेजारच्या काशीकाकूंकडे तर रोज नवा उपाय असायचा. त्या उंबऱ्यातूनच बोलायला लागायच्या, "वेणू, माझ्या जावेच्या बहिणीला अस्संच होतं. पंधरवड्यात पळायला लागली."

आत्या आधी हसायची. मग नुसती मान हलवायला लागली. मग तिनं दार लावून घेतलं. वैद्यबुवांचा काढा घेईनाशी झाली. काढ्याचं मडकं कोपऱ्यात कोरडं पडलं. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. आणि एके दिवशी भिंगरीचे केस कसेबसे विंचरून देताना ती म्हणाली, "भिंगरे, दसरा झाला की तुझा मामा गाडी घेऊन येईल. त्याच्याकडे दूधदुभतं आहे, खेळायला पोरं आहेत. तू तिकडे राहा."

भिंगरीच्या छातीत कुणीतरी टिपरी वाजवत असल्यासारखं धडधडायला लागलं, आणि ते थांबेचना.

दुसऱ्या दिवशी काशीकाकूंनी नवा उपाय सांगितला. रानातल्या झऱ्याकाठी सोनटक्का फुलतो, त्याचा कंद उगाळून लावायचा. भिंगरी खुरपं घेऊन पळत सुटली. तेरड्याचा गुलाबी उतार ओलांडला, सोनकीचं पिवळंधमक पठार ओलांडलं. तिच्यापुढे फुलपाखरं उधळत होती, निळी, जांभळी, ठिपक्यांची. पण तिला कुठलं त्यांच्याकडे बघायला. झऱ्यावर येऊन तिनं सोनटक्क्याच्या बुडाशी खुरपं टेकवलं, तोच वरून पातळ, किणकिणता आवाज आला.

"जरा थांबशील का?"

भिंगरीनं वर पाहिलं. सोनटक्क्याच्या पांढऱ्याशुभ्र फुलात करंगळीएवढी एक परी बसली होती. अंगात मोरपंखी झगा, केसांत दवाचे मणी, गळ्यात काजव्यांच्या उजेडाची माळ. पण बिचारी कुडकुडत होती, आणि तिचे चिमुकले पंख ओल्या कागदासारखे पाठीला चिकटले होते.

"मी झऱ्यात पडले," परी म्हणाली. "इथे सावलीत पंख वाळत नाहीत. मला तळहातावर घेऊन उन्हात उभी राहशील? पण अगदी स्थिर राहावं लागेल. हात हलला की पंखांना कायमच्या घड्या पडतील."

भिंगरीचं मन म्हणालं, पळ, आत्या घरी एकटी आहे. पण परीचे ओठ थंडीनं निळे पडलेले तिनं पाहिले. तिनं खुरपं खाली ठेवलं, परीला तळहातावर घेतलं आणि ती उन्हाच्या कवडशात उभी राहिली.

किती कठीण होतं ते. पायावर मुंगी चढली. कानाशी चिलट गुणगुणलं. टाच खाजली, नाक खाजलं. पण भिंगरीचा तळहात देव्हाऱ्यातल्या समईसारखा जागच्या जागी राहिला. हळूहळू परीचं कुडकुडणं थांबलं. पंख सुटे झाले, उलगडले, आणि त्यांच्यावर गुलाबी, सोनेरी, आकाशी झिलई लुकलुकायला लागली. परी भुर्रकन उडाली, तिनं हवेत एक गिरकी घेतली आणि भिंगरीच्या नाकासमोर येऊन थांबली.

"माझं नाव लुकलुकी. तू मनानं चांगली आहेस, भिंगरी. मी तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन."

भिंगरी श्वासही न घेता म्हणाली, "माझ्या आत्याचं दुखणं घेऊन जा."

लुकलुकीचे पंख थोडे मिटले. "ते मला येत नाही गं. खरचटलेलं मी फुंकरीनं बरं करते. पडसं पळवते. पण काही दुखणी माणसाच्या अंगात घर करून राहतात. ती परीच्या हातातली नसतात."

"मग तू कसली परी?" भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

परीला राग आला नाही. ती म्हणाली, "दुखणं नेता येत नाही, पण दुखणाऱ्या माणसासाठी पुष्कळ काही करता येतं. फक्त माझा नियम ऐक. ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं, तुला काय हवं. आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. असं ऐकून मागितलंस तर ते कायम राहील. न ऐकता मागितलंस तरी मिळेल, पण सूर्य मावळला की तेही मावळेल. माझं नाव घेऊन बोल, मी असेन तिथून ऐकेन."

तिचं बोलणं संपेपर्यंत भिंगरी धावतही सुटली होती. खुरपं तसंच झऱ्याकाठी राहिलं.

विचारायचं काय त्यात, तिला वाटलं. आत्याला काय हवं ते मला ठाऊक आहे. तिला गजरे करता येत नाहीत, म्हणून ती खचली. अंगणात पाय ठेवायच्या आतच तिनं सांगून टाकलं, "लुकलुकी, आत्याचे सगळे गजरे आपोआप होऊ देत."

आणि काय नवल. परडीतली फुलं थुईथुई नाचत बाहेर आली. दोरे आपोआप वळले. जुईला अबोली भेटली, अबोलीला मरवा. गजऱ्यांवर गजरे, हारांवर हार, लाल-केशरी-पांढऱ्या राशी अंगणभर लागल्या. झोपडीचं छप्पर फुलांनी झाकलं. सगळीकडे नुसता वास घमघमला.

भिंगरीनं आत्याला हाताला धरून दारात आणलं. आत्या उभी राहून बघत राहिली. तिच्या नजरेसमोर एक वेणी स्वतःची स्वतः गुंफली जात होती, नीटस, एकसारखी, कुठेही चूक नाही. आत्यानं आपले सुजलेले हात हळूच पदराखाली घेतले.

"छान आहे," ती म्हणाली. "आता माझी गरज कुणालाच नाही." आणि ती आत जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली.

भिंगरी अंगणात उभीच राहिली. सूर्य मावळला, तशा फुलांच्या राशी धुक्यासारख्या विरल्या.

सकाळ झाली. भिंगरी उठली तीच घाईत. या वेळी विचारायचं, तिनं ठरवलं होतं. ती आत्याच्या उशाशी गेली. एक पाय उशाशी, एक दाराकडे वळलेला.

"आत्या, तुला काय हवं गं?"

आत्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती थोडी सावरून बसली, शब्द शोधायला लागली. "मला ना," ती थांबत थांबत म्हणाली, "मला असं वाटतं, की कुणीतरी..."

"कळलं," भिंगरी म्हणाली. "कुणीतरी हसवणारं हवं. लुकलुकी, आत्याला हसवणारं कुणीतरी पाठव."

झालं. खिडकीतून हिरवेगार पोपट शिरले आणि चुटके सांगायला लागले. खारी शेपट्यांचे तुरे करून फुगड्या घालू लागल्या. लाल टोपीचा बेडूक आला, त्यानं पोट फुगवून ढोलकं वाजवलं. माकडांनी कोलांट्या मारल्या. भिंगरी टाळ्या पिटत म्हणत होती, "हस ना आत्या, बघ ना, हस."

आणि आत्या हसली. पोपटाकडे बघून हसली, बेडकाकडे बघून हसली. सकाळभर हसली, दुपारभर हसली. तिचे गाल दुखायला लागले, मान आखडली, गुडघ्यांत ठणका उठला. तिला पडायचं होतं, पण भिंगरीचा चेहरा इतका आशेनं फुललेला, की ती हसतच राहिली. सूर्य मावळला. पोपट, खारी, बेडूक सगळे हवेत विरघळले. त्या सुन्न शांततेत आत्यानं तोंडावर पदर घेतला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

भिंगरीनं आत्याला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. तिला तिथे उभं राहवेना. तिनं सकाळ होण्याची वाट कशीबशी पाहिली, आणि उजाडताच ती झऱ्यावर गेली.

लुकलुकी सोनटक्क्याच्या फुलात बसून दवाचा थेंब पीत होती.

"मी दोन इच्छा वाया घालवल्या," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "आता तिसरी तूच सांग. लवकर सांग, मला जायचंय."

"कुठे जायचंय?"

भिंगरीला कुठेच जायचं नव्हतं. तरी पाय मात्र जमीन उकरत होते.

"तू इतकी का पळतेस गं, भिंगरी?" परीनं विचारलं. आणि विचारून ती गप्प बसली. तिनं पंख मिटले, हनुवटी गुडघ्यावर टेकवली, आणि झऱ्याला कुठे जायची घाई असेल तर असो, पण मला नाही, अशी ती भिंगरीकडे बघत राहिली.

भिंगरीनं पायानं उकरलेली माती पायानंच सारखी केली. मग ती सांगायला लागली. "थांबले की भीती वाटते. वैद्यबुवा म्हणाले, दुखणं जाणारं नाही. थांबले की तेच ऐकू येतं. आत्या कण्हली की मला कान झाकून घ्यावेसे वाटतात. मी वाईट आहे का? कधी कधी मला वाटतं, तिनं दुखत नाही असंच म्हणावं. आणि कधी कधी मला खेळायचं असतं. मग मला स्वतःचाच राग येतो."

परीनं उपाय सांगितला नाही. असं वाटून घेऊ नकोस, असंही म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, "केवढं ओझं घेऊन पळत होतीस."

भिंगरी झऱ्याकाठी बसली आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं. पाणी गार होतं. पायांत वळवळ होतीच, पण आता त्यांच्या मागे कुणी लागलेलं नव्हतं. तिनं परीकडे पाहिलं. आपल्याला नुकतं काय मिळालं, ते तिला कळलं. घरी जाताना ती चालत गेली.

आत्या दारापाशी बसली होती. डोळे सुजलेले. भिंगरी आत आली, चटई टाकून तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"आत्या, काल तू सांगत होतीस, मला वाटतं की कुणीतरी. पुढचं मी ऐकलंच नाही. आता सांग."

"राहू दे गं. कुठे जायचं असेल तुला."

"नाही जायचं."

आत्या जमिनीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला असं वाटतं, की कुणीतरी माझ्याजवळ नुसतं बसावं. आणि मी दुखतंय म्हटलं, की त्यानं घाबरू नये."

भिंगरी थांबली.

"मला राग येतो, भिंगरे. फुलं फुलली की राग येतो. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी बोटं हलवून बघते. आज कसा दिवस आहे, ते आधी त्यांना विचारते. माझं नाव वेणू, आणि मला माझी वेणी घालता येत नाही. तू घालून देतेस, तेव्हा भिंतीत शिरावंसं वाटतं." आत्यानं सुजलेले हात मांडीवर उपडे ठेवले. "लोक येतात. चांगल्या मनानंच येतात बिचारे. दुखतं म्हटलं की पाला सांगतात. दुखतं म्हटलं की म्हणतात, अमकीला तर याहून जास्त होतं. मग मी दुखत नाही म्हणायला लागले. ते म्हणणं तर आणखी दुखतं."

भिंगरीच्या ओठांवर आलं होतं, होईल गं बरं. तिनं ओठ दाताखाली धरला. पायाचा अंगठा सारवलेल्या जमिनीत रुतवला. पळावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. ती बसून राहिली.

"आणि तू," आत्या म्हणाली. "तू दिवसभर माझ्यासाठी पळतेस, कळतं मला. पण पळणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही. वाटलं, तुझं सगळं लहानपण माझ्या दुखण्यामागे पळण्यात जायचं. म्हणून मामाला निरोप धाडला. तुला पाठवायचं माझ्या मनात नाही गं. मुळीच नाही."

अंगणात चिमण्या माती उडवत आंघोळ करत होत्या. उत्तर संपलं की नाही, ते भिंगरीला कळेना, म्हणून ती तशीच थांबली. शेवटी आत्यानं लांब श्वास सोडला.

"दुखायचं ते दुखतंच आहे बघ. पण छातीवर पाटा ठेवला होता कुणी, तो उतरवल्यासारखं वाटतंय."

"आता मी बोलू?" भिंगरीनं विचारलं.

"बोल बाय."

"मला वाटतं, मी थांबले की तू मरशील."

आत्यानं दोन्ही मनगटांनी तिला कुशीत ओढलं. बोटांनी धरवत नव्हतं, म्हणून मनगटांनी. "अगं वेडे, वैद्यबुवा काय म्हणाले ते तू पुरतं ऐकलंस कुठे? हे दुखणं जाणारं नाही, म्हणाले. पण त्यानं मी मरायचीही नाही. औषध चालू ठेवलं, तर बरे दिवस पुष्कळ येतील, वाईटही येतील. मीच कंटाळून औषध सोडलं." ती थोडी थांबली. "ते मडकं आण बरं इकडे. काढा करायला घेऊ."

काढा उकळत असताना भिंगरीनं तिला परीची सगळी गोष्ट सांगितली. एक इच्छा उरली होती. "काय मागू?" तिनं विचारलं, आणि ती पुन्हा मांडी घालून बसली.

आत्यानं बराच विचार केला. "माझ्यासारखी आणखीही असतील ना गं? घरात दुखणं घेऊन, दार लावून बसलेली. त्यांना आणि मला बसायला एक जागा हवी. तिथे दुखतंय म्हणता यावं. तेवढं माग."

भिंगरीनं जसंच्या तसं मागितलं.

अंगणाच्या कडेला मातीतून एक कोवळा कोंब वर आला. त्याला पोपटी पानं फुटली, पानांमागून वेल धावली, वेलीला वेल मिळाली, आणि बघता बघता अंगणावर हिरवागार मांडव झाला. त्याला चांदण्यांसारखी पांढरी फुलं लगडली. प्रत्येक फुलाच्या पोटात मंद निळा उजेड. लुकलुकी मांडवावर बसून हसत होती.

"मांडवाला मी एक खोड लावून दिलीय," ती म्हणाली. "त्याच्याखाली न विचारता कुणी उपाय सांगितला, तर वरून फूल पडेल. थेट नाकावर."

पहिल्या दिवशी फक्त काशीकाकू आल्या. "वेणू, अगं मेथी आणि सुंठ..." त्यांनी सुरुवात केली. टप्. नाकावर फूल. "नाहीतर मोहरीचं तेल..." टप्. "बरं, निदान उन्हात..." टप्, टप्. आत्या खुदकन हसली. या वेळचं हसू आपोआप आलेलं होतं. काशीकाकू नाक चोळत बसल्या. बोलायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मग त्या म्हणाल्या, "माझं अर्धं डोकं फुटतं गं वेणू. लग्न होऊन आले तेव्हापासून. एकही पाला लागू पडला नाही. कुणाला तरी लागू पडावा, म्हणून सांगत सुटते." आत्या म्हणाली, "सांग. मी ऐकतेय."

हळूहळू माणसं येऊ लागली. भागोजी लोहार आला. भात्यापुढे दिवसभर बसणाऱ्या त्या आडदांड माणसाला दमा होता, आणि लोकांना कळू नये म्हणून खोकला आला की तो घण जोरानं मारायचा. वरच्या आळीची दुर्पा आली. ती भिंगरीच्याच वयाची. तिला आकडी यायची, म्हणून पोरं तिला खेळायला घेत नसत आणि आई तिला घराबाहेर सोडत नसे. दुर्पा आईच्या पदराआड बसली. भिंगरी तिच्याजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आकडी आली तर मी काय करू?"

दुर्पानं पदराआडून पाहिलं. "मला कुशीवर कर. तोंडात काही घालू नकोस. आणि मी जागी होईपर्यंत पळून जाऊ नकोस."

"बरं," भिंगरी म्हणाली.

त्यानंतर दोघी एकत्रच दिसू लागल्या.

मांडवाखाली कुणाचं दुखणं गेलं नाही. भागोजीला दम लागायचाच, पण आता तो घण खाली ठेवून टेकून बसायचा, आणि कुणी हसायचं नाही. आत्याच्या चांगल्या दिवशी तिची बोटं थोडी मिटायची, मग ती सावकाश एखादी वेणी गुंफायची. वाईट दिवशी ती फक्त सांगायची, आणि भिंगरी, दुर्पा आणि काशीकाकू गुंफायच्या. त्या वेण्या थोड्या वाकड्या व्हायच्या. बाजारात बायका त्याही घ्यायच्या.

दसरा झाला आणि मामा गाडी घेऊन आला. आत्यानं त्याला मांडवात बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, तुम्हाला उगाच त्रास दिला. पोर इथेच राहील. मला तिची गरज आहे, आणि तिला माझी. हात चालत नाहीत, पण आत्या म्हणून मी अजून चालते."

मामा तोंड उघडून म्हणाला, "वेणूताई, एक उपाय..." आणि त्याच्या नाकावर फूल पडलं.

सगळे पोट धरून हसत होते, तेव्हा भिंगरीला मांडवाच्या टोकाशी लुकलुक दिसली. ती तिकडे गेली. परीचे पंख आज फारच तेजानं झळकत होते.

"चाललीस?" भिंगरीनं विचारलं.

"चालले. दुसऱ्या रानात कुणीतरी पळतंय."

"पुन्हा कधी मला भीती वाटली तर?"

"वाटेल," परी म्हणाली. "भीती वाटणारच. त्या दिवशी कुणाजवळ बसशील?"

भिंगरीनं मागे वळून पाहिलं. आत्या होती, दुर्पा होती, काशीकाकू नाक धरून होत्या. तिनं पुन्हा पुढे पाहिलं, तर लुकलुकीभोवती सोनेरी उजेड दाटत होता. तो गुलाबी झाला, मग आकाशी, मग इतका शुभ्र, की डोळे दिपले. मांडवाचं प्रत्येक फूल क्षणभर दिव्यासारखं पेटलं. उजेड निवला, तेव्हा परी नव्हती. हवेत सोनटक्क्याचा वास तेवढा दरवळत होता.

"भिंगरे," आत्यानं हाक मारली, "इकडे ये गं. आज हात फार दुखतायत."

भिंगरी गेली आणि तिच्याशेजारी बसली. "सांग," ती म्हणाली.

मोगरवाडीच्या वेणूला जसं ऐकणारं माणूस भेटलं, तसं ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या दारात भेटो.